थंडीनं भाजलेला हात

लिंबाजी,

तुझ्या जागी काल शाळेनं दुसरा माणूस दिला. चाळिशीचा आहे, बोलायला मऊ आहे. त्याला सायन्सच्या खोलीतली कपाटं दाखवायला मी निघालो. हा तराजू, हे तेजाब, याला हात लावायचा नाही, ते रोज पुसायचं. तिसऱ्या कपाटापाशी आलो आणि पुढं सांगायचा कंटाळा आला. खरंच कंटाळा, दुसरा शब्द नाही. "बाकीचं उद्या," म्हणालो आणि घरी येऊन खाटेवर पडलो. बायकोनं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, बरा आहे. थकलोय.

तुला वाचता येत नव्हतं. त्यामुळं हे लिहून मी कुणाला ऐकवणार आहे, मला माहीत नाही. पण तू गेल्यापासून तीन आठवडे डोक्यात तुझ्याशीच बोलणं चाललंय, आणि त्यातलं निम्मं भांडण आहे. तू माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा होतास. तरी मी तुला अरे-तुरे करत आलो, कारण मी मास्तर आणि तू चपराशी. आत्ता लिहिताना एकदा 'तुम्ही' लिहून पाहिलं, तर समोर भलताच कुणी माणूस येऊन बसला. म्हणून खोडलं.

परवाच्या शुक्रवारी मी बोरीला जाऊन आलो. तुझ्या गावाला. तिथं काय झालं ते तुला सांगायचंय, पण एकदम तिथवर जायचा धीर होत नाही. आधी मागचं बोलू.

तू शाळेत आलास तेव्हा मी हैदराबादहून नवा नवा शिकून आलो होतो आणि परभणीतल्या पोरांना सगळं जग दाखवायच्या तयारीत होतो. तू दोन उन्हाळ्यांत निम्मी मेंढरं गमावून, उरलेली धाकट्या भावाच्या हवाली करून नोकरीला आला होतास. पहिल्या महिन्यात तू माझ्याशी दहा शब्द बोलला असशील. मग तो बर्फ आला.

सकाळच्या गाडीनं भुशात घालून, पोत्यात बांधून सिकंदराबादहून मागवलेली लादी होती. स्टेशनवरून शाळेत येईस्तोवर पोत्यातून धार लागली होती. मी घाबराघुबरा झालो. तास दुपारचा होता, तोवर काय उरणार? तू खांद्यावरची घोंगडी काढलीस आणि लादीभोवती घट्ट गुंडाळलीस. पोरं फिदीफिदी हसायला लागली. एक जण म्हणाला, "लिंबाजीमामा, बर्फाला थंडी वाजायली का?" मीही हसलो, हे कबूल करतो. क्षणभर मलाही ते उलटंच वाटलं, एवढा शिकून आलेला असून.

तू म्हणालास, "हासा. घोंगडी कुनाला ऊब देत न्हाई, बाबांनो. आतलं भाईर जाऊ देत न्हाई, न् भाईरचं आत येऊ देत न्हाई. माणूस आत असला तर माणसाची ऊब ऱ्हाती. बर्फ आत असला तर बर्फाचा गारवा ऱ्हातो. तिचं काम एकच हाय."

दुपारी घोंगडी उलगडली तेव्हा लादी जवळजवळ तशीच होती. उष्णतेचं वहन या विषयावर माझ्याकडं सरकारी किताबातली आठ पानं होती. मी ती त्या वर्षी शिकवलीच नाहीत. शिकवायला काही उरलं नव्हतं.

नंतर आपण बर्फात मीठ घालून बर्फापेक्षा गार काय असतं ते दाखवलं. त्यावर मला हाव सुटली. स्टेशनजवळच्या सोडावाल्याकडं वायूचं लोखंडी नळकांडं असतं, ते मी पाहिलं होतं. त्यातला वायू दाबून दाबून पाण्यासारखा पातळ केलेला असतो. नळकांडं तोंड खाली करून चावी उघडली की तो जोरानं बाहेर पडतो आणि बाहेर पडता पडता स्वतःच गोठून त्याचा भुसभुशीत बर्फ होतो. साध्या बर्फाच्या कितीतरी पट गार. हैदराबादला मी हा प्रयोग एकदा पाहिला होता, लांबून, तिसऱ्या रांगेतून. सोडावाल्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले, तेव्हा त्यानं नळकांडं दिलं. तू त्याला 'रेडा' म्हणायचास. काळा, वजनदार, आणि तोंड उघडलं की डरकणारा.

पहिल्या दिवशी रेडा डरकला तेव्हा पोरं खिडकीतून बाहेर पळाली होती. मी त्याच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी टरकन फाटली. दुसऱ्या दिवशी तीच गत. मी डोक्याला हात लावून बसलो, तर तू शुक्रवारच्या सुटीला बोरीला जाऊन आलास आणि माझ्यापुढं एक पिशवी टाकलीस. घोंगडीच्या तुकड्याची, दुहेरी शिवणीची.

"गिरजीनं शिवली," तू म्हणालास. "मी म्हनलं, वारा निघून जाईल न् पीठ आत ऱ्हाईल अशी पायजे. ती म्हनली, मंग घोंगडीच पायजे."

त्या पिशवीत पहिल्यांदा पांढरं पीठ साचलं. हात न लावता आपण ते लाकडी काठवटीत ओतलं. तुझी बायको कोण, कशी, मला तेव्हा माहीत नव्हतं. पण परभणीच्या शाळेत तो बर्फ पहिल्यांदा धरला तिच्या शिवणीनं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. प्रयोग 'मास्तरांचा' होता.

त्या बर्फावर स्पिरिट ओतायचं, चर्र करून ते उकळल्यासारखं व्हायचं, आणि मग त्यात लाकडी साच्यातला पारा ठेवायचा. साच्यात एक काडी उभी. पाच-सात मिनिटांनी काडी धरून उचललं की पाऱ्याचा हातोडा हातात. मी फळ्याजवळ उभा राहून सरकारी नियमाप्रमाणं उर्दूत सांगत असायचो, 'नुक्ता-ए-इंजिमाद', म्हणजे गोठणबिंदू, अमुक दर्जे, तमुक दर्जे. पुढच्या बाकांवरची शहरातली पोरं लिहून घ्यायची. मागं बोरी, वालूर, चारठाण्याकडची पोरं. त्यांना घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी. ती माना खाली घालून बसायची. तू मागं जाऊन हळू आवाजात म्हणायचास, "थिजलं, पोरांनो. थंडीत तूप थिजतंय का न्हाई? तसा पारा थिजला. त्याला लय गार लागतंय थिजायला, एवढंच." मग ती पोरं माना वर करायची. दुसऱ्या कुणी मास्तरनं कुरकुर केली असती तर तुझी नोकरी गेली असती. मला ते कळत होतं. मी ऐकू न आल्यासारखं करायचो, आणि माझ्या परीनं तेवढंच धाडस मला पुष्कळ वाटायचं.

पहिल्यांदा पाऱ्याच्या हातोड्यानं फळीत खिळा ठोकला तो तू. मी हातोडा तुझ्या हातात दिला. तीन ठोके पडले. चौथ्याला हातोडा मऊ पडून थेंब थेंब गळायला लागला. तू वाकून ते थेंब बघत राहिलास. पोरं निघून गेल्यावर म्हणालास, "मास्तर, हे मी गावात सांगितलं तर मला येडा म्हनतील."

आणि तसंच झालं. पुढच्या आठवड्यात येऊन तू हसत सांगितलंस की चावडीपुढं तू पाऱ्याच्या हातोड्याची गोष्ट सांगितलीस आणि लोकांनी तुझं नाव 'पाऱ्या' ठेवलं. "म्हनत्यात, लिंब्या शाळंत राहून थापा माराय शिकला. मास्तर, एकदा चला की बोरीला. रेडा गाडीत घालून नेऊ. दाखवा एकदा, म्हंजी तोंडं बंद होतील."

मी म्हणालो, "जाऊ की. दिवाळी होऊ दे."

हे मी पहिल्यांदा म्हणालो. पुढं किती वेळा म्हणालो ते तुला ठाऊक.

आता त्या दिवसाचं. आपण दोघंही त्याबद्दल कधी धड बोललो नाही. मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासायला येणारे बडे अधिकारी, आपला प्रयोग बघायला येणार होते. तू सकाळी काठवट घासून ठेवली होतीस. मी काचेचं मोठं भांडं काढलं.

"काच नको, मास्तर," तू म्हणालास. "काच लय गाराला दगा देती. त्या दिवशी नळी कशी तडकली."

"साहेबांना बाजूनं दिसलं पाहिजे," मी म्हणालो. "काठवटीत काय दिसणार त्यांना? भाकरीचं पीठ?"

तू गप्प बसलास. तू गप्प बसायचास तेव्हा तुला पटलेलं नसायचं. हे मला माहीत होतं आणि त्या दिवशी मला ते माहीत असून नको होतं.

साहेब खुर्चीवर बसले. पुढच्या बाकावर लहान पोरं मुद्दाम बसवली होती, साहेबांना कौतुक वाटावं म्हणून. भांडं भरलं, स्पिरिट ओतलं, पारा ठेवला, आणि मी उर्दूत बोलायला लागलो. तेवढ्यात टिक् असा आवाज आला. भांड्याला वरून खालपर्यंत चीर गेली आणि ते गारढोण स्पिरिट टेबलावरून पुढच्या बाकाकडं धावलं. मी जागच्या जागी उभा. तू पुढं झालास, डाव्या हातानं फुटकी बाजू दाबून धरलीस आणि उजव्या हातानं पोरांना मागं ढकललंस. "सरका मागं! सरका!" तुझ्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, त्यानं तर घातच केला, फडकं ते सगळं पीत राहिलं आणि हाताला धरून राहिलं. शेवटचा पोरगा बाकावरून उठेपर्यंत तू हात काढला नाहीस. पोरांपैकी एकाच्याही अंगावर थेंब उडाला नाही.

मग तू फडकं सोडलंस. बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. तू दुसऱ्या हाताच्या नखानं त्यांवर टकटक वाजवून पाहिलंस आणि माझ्याकडं बघून म्हणालास, "काईच कळंना, मास्तर. दुसऱ्याच्या हाताला हात लावल्यावानी वाटायलंय."

साहेब भले होते. त्यांनी स्वतःच्या मोटारीतून तुला दवाखान्यात पाठवलं. आधी फोड आले, मग बोटं काळी पडली, आणि महिन्याभरानं डॉक्टरांनी तीन बोटांची पेरं काढली. मी रोज यायचो. तू मलाच धीर द्यायचास. "उजवा शाबूत हाय की. डावा काय, मेंढरू धरायला अर्धा बी पुरतो." 'मी काच नको म्हनलो व्हतो' हे तू म्हणावंस अशी मी वाट बघत असायचो. म्हणाला असतास तर मला माफी मागता आली असती. तू म्हणाला नाहीस आणि मी मागितली नाही.

तू कामावर परत आलास त्या दिवशी मी तुला सांगितलं की गार प्रयोग आता बंद. तुला वाटलं मी थट्टा करतोय.

"बंद? का?"

"तुझा हात बघ. पुन्हा असं व्हायला नको."

"माजा हात हाय तो. त्याला पुढं करून तुमी मागं लपायलाव." तू एवढ्या जोरात माझ्याशी कधी बोलला नव्हतास. "बोटं गेली ती पोरं वाचवताना गेली. आता परयोग बी बंद केला तर ती कशापायी गेली, सांगा."

मी म्हणालो, तुला कळत नाही. हे वाक्य मी मागं घेतो, लिंबाजी. उशीर झालाय, तरी मागं घेतो. तुला कळत होतं. मी भ्यालो होतो, आणि त्या भित्रेपणाला मी तुझी काळजी असं नाव दिलं होतं. पुढची सगळी वर्षं आपलं हेच भांडण चाललं. सहा महिन्यांनी एकदा, कधी वर्षानं, खोली झाडता झाडता तू विषय काढायचास: "यंदा दाखवायचं का पोरांला?" मी 'बघू' म्हणायचो. मी पोरांना किताबातली आठ पानं शिकवत राहिलो. ती घोकत राहिली. सोडावाल्यानं रेडा परत नेला. मग लढाई आली आणि पारा, स्पिरिट, काचसामान सगळंच मिळेनासं झालं. मला आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं. आता नाही म्हणायला खरं कारण होतं.

पण बोरीला चला म्हणायचं तू सोडलं नाहीस. इथंच माझं चुकलं, आणि ते मला परवा कळलं. तुझे शब्द तेच होते, म्हणून मला मागणंही तेच वाटत राहिलं. 'मास्तर, एकदा बोरीला चला, लोकाला सांगा.' पहिल्या वर्षी तू म्हणायचास, दाखवा. हात गेल्यावर म्हणायला लागलास, सांगा. हा फरक मी ऐकलाच नाही. भाषा शिकलेला माणूस मी, दोन-तीन भाषा येतात मला.

मला बाकीचंही दिसत होतं, नाही असं नाही. तू शुक्रवारी गावाला जाणं कमी केलंस. आधी दर हप्त्याला जायचास, मग महिन्यानं, मग सणालासुद्धा नाही. मला वाटलं, वय झालं, परभणीत रमलास. एकदा म्हणालास, "पोरीची, चंद्रीची, सोयरीक मोडली. चारठाण्याची मान्सं व्हती. सुपारी फुटायची तेवढी ऱ्हायली व्हती." मी विचारलं, "देण्याघेण्यावरून का?" तू म्हणालास, "न्हाई." मी म्हणालो, "जमेल दुसरीकडं." आणि वह्या तपासायला लागलो. तू दाराशी थोडा वेळ उभा राहिलास, ते मला आत्ता आठवतंय. तेव्हा मला फक्त दारातला उजेड अडल्यासारखं वाटलं होतं.

या थंडीत तुला ताप आला. छातीत कफ दाटला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं धरलीत. मी बोरीला निरोप धाडला आणि गिरजाबाई आली. पहिल्यांदा पाहिलं मी तिला. उंच, काटक, नजर सरळ. ती तुझ्या उशाशी बसली आणि तीन दिवस हलली नाही. शेवटच्या दिवशी तू मला ओळखलंस. "पोरं आली का शाळंत?" एवढं विचारलंस. शुक्रवार होता. सुटी होती. मी म्हणालो, "आली." तुझ्याशी खोटं बोललो ते हे एकच असं मला परवापर्यंत वाटत होतं.

गिरजाबाईनं तुला गावाला नेलं. मी गेलो नाही, शाळेची परीक्षा होती. तेराव्याला तरी जावं तर मलाच सर्दी-ताप. शेवटी परवा शुक्रवारी जिंतूरच्या मोटारीनं बोरीला उतरलो आणि तुझं घर विचारलं. एका दुकानदारानं हातानं दाखवलं: गाव संपतं तिथून पुढं, मेंढ्यांच्या कोंडवाड्यापलीकडं. मला वाटलं, धनगराचं घर, मेंढरांजवळ असायचंच. जवळ गेल्यावर दिसलं की तुझ्या भावाचं घर गावात आहे, भिंतीला भिंत लागून इतरांची आहेत. तुझंच एकटं तिकडं, नुसत्या कुडाचं.

मास्तर आले म्हणून पाच-सहा माणसं जमली. तुझा भाऊ होता. एक म्हातारे होते, पांढऱ्या मिशांचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. सगळी अंगणात, जरा लांबच, उकिडवी बसली. गिरजाबाई दाराआड, तिच्यामागं चंद्री. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग अण्णा म्हणाले, "मास्तर, एक इचारू का? राग नका मानू. तुमी त्याला शाळंत कसं काय ठिवलं व्हतं? लेकरांत?"

"का? काय झालं?"

"न्हाई, त्याला रगतपिती झालती ना. बोटं झडली त्याची."

मला पहिल्यांदा शब्दच कळला नाही. मग कळला. महारोग. तुझी तीन बोटं बघून गावानं ठरवलं होतं की लिंबाजीला महारोग झाला. तू सांगितलंस की थंडीनं भाजलं. कोण ऐकणार? थंडीनं कधी भाजतं का? पाऱ्याचा हातोडा सांगणारा 'पाऱ्या' तू, थापाडा आधीच ठरलेला. तुझं घर गावाबाहेर गेलं. तुझं पाणी वेगळं झालं. चंद्रीची सोयरीक त्यानंच मोडली. चारठाण्याच्या माणसांना कुणीतरी सांगितलं होतं, पोरीच्या बापाची बोटं बघा. तुझ्या सख्ख्या भावानं तुझ्या हातचं ताट घेणं सोडलं होतं, आणि तो भाऊ आता माझ्यासमोर बसून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

मी म्हणालो, "त्याला कसलाही रोग नव्हता. त्याची बोटं थंडीनं गेली. शाळेत प्रयोग होता. माझ्या डोळ्यांसमोर झालं. पोरांच्या अंगावर सांडू नये म्हणून त्यानं हात घातला. डॉक्टरांनी कापली ती बोटं, झडली नाहीत."

मी आणखी बोलणार होतो. थंडीनं मांस कसं मरतं, ते सगळं समजावून द्यायची तयारी केली होती मनात. पण कुणी विचारलंच नाही. अण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, "आसं हाय व्हय. मास्तर म्हनत्यात म्हंजी खरंच आसंल."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. संपलं. एवढ्यात संपलं, लिंबाजी. ना रेडा लागला, ना पारा, ना स्पिरिट. वर्गात मी जन्मभर पोरांना सांगत आलो की कुणी सांगितलं म्हणून मानू नका, डोळ्यांनी बघा. आणि इथं माझा नुसता शब्द लोकांनी बघितल्यासारखा मानला. तू बघितलेलं, तू हातानं केलेलं, तुझ्या हातावर उमटलेलं, ते इतकी वर्षं थाप होतं.

तुझा भाऊ उठून बाहेरच्या बाहेर निघून गेला. अण्णा बसून होते. मग त्यांनी दाराकडं तोंड करून हाक मारली, "गिरजे, तांब्याभर पाणी आन."

पाणी लवकर बाहेर आलं नाही. मला वाटलं, ती देणार नाही, आणि नाही दिलं तर बरं होईल असंही वाटलं. मग ती तांब्या घेऊन आली आणि अण्णांच्या पुढं ठेवला. ते प्याले. दुसऱ्यांनी हात पुढं केला. तेही प्याले. चंद्री उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली, जसं एखादा न होणारा प्रयोग बघावा तसं.

सगळे गेल्यावर मी गिरजाबाईला म्हणालो, "त्यानं मला हे सांगितलं का नाही?"

"मी म्हनायची त्यांला," ती म्हणाली. "म्हनायची, सरळ सांगा मास्तरला, गावात आसं आसं बोलायलेत. तर म्हनायचे, न्हाई. मास्तरला कळलं तर ते सोताला दोष देतील, न् मंग पोरांला त्यो बर्फ जल्मात दाखवायचे न्हाईत. आधीच भ्यालेत, म्हनायचे. उगं एकदा हितं येऊन नुसतं बोलून गेले तरी काम हुईल, म्हनायचे. तुमची वाट बघायले व्हते."

माफी मागायला तू नव्हतास आणि तिची मागायची तर कुठून सुरू करायची ते कळेना. मोटारीची वेळ झाली होती. ती माझ्याबरोबर कोंडवाड्यापर्यंत आली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. ती माझ्यासारखीच दमलेली होती, फक्त कितीतरी जास्त दिवसांची.

"तुमी आलाव, बरं झालं," ती म्हणाली. "पर एवढ्या लांब यायची बी गरज नव्हती, मास्तर. तुमाला लिव्हता येतंय. एक चिट्टी दिली असती त्यांच्या हातात, तरी पोरीचं लगीन झालं असतं."